कराआधी माहिती : धाराशिवच्या मुलखातील दुकानदारीच्या नोंदींचा प्रवास

कराचा इतिहास लिहिणारे बहुतेक जण कराचे दर सांगतात. कोणत्या साली किती टक्के झाले, कोणी वाढवले, कोणी कमी केले. पण गावातल्या दुकानदाराला गल्ल्यावर बसून पडणारा प्रश्न निराळा असतो. सरकारला माझ्या धंद्याविषयी काय ठाऊक आहे आणि ते त्याला कोणी सांगितले? या एका प्रश्नाचा धागा धरून मी गेली काही वर्षे जुने कायदे, गॅझेटियर आणि मिळतील त्या वह्या चाळतो आहे. माझे गाव माकणी, तालुका लोहारा, तेरणेवरच्या निम्न तेरणा धरणामुळे लोकांना माहीत असलेले. कोणत्याही विद्यापीठाची पदवी या कामामागे नाही. कुतूहल मात्र आहे.

आरंभ मोहतर्फ्यापासून करावा लागतो. दुकान, माग, घाणा, कारागिरी यांवर बसणारा हा कर. त्याची वसुली पेठेत शेटे आणि महाजन यांच्या मदतीने होई. कोणाचे दुकान चालते आणि कोणाचे बसले, हे पेठेलाच ठाऊक असे आणि आकारणी त्या ठाऊक असण्यावर चाले. दुकानदाराची खतावणी उघडून पाहण्याचे कारण पडत नसे. मुंबई इलाख्यात १८४४ च्या १९ व्या कायद्याने मोहतर्फा आणि धंद्यांवरचे असले कर बंद झाले. शेजारचे सोलापूर त्या कायद्याखाली आले. आपला मुलूख मात्र निजामाचा.

निजामाचा, पण मध्ये सात वर्षे वगळून. १८५३ च्या तहाने वऱ्हाडाबरोबर धाराशिव-नळदुर्गचा प्रदेशही इंग्रजांच्या कारभारात गेला. मेडोज टेलर हा कादंबरीकार अधिकारी त्या काळात नळदुर्गला होता. १८६० च्या तहाने हा प्रदेश निजामाला परत मिळाला. योगायोग असा, की त्याच १८६० साली जेम्स विल्सन याने ब्रिटिश हिंदुस्थानात पहिला आयकर आणला. वर्षाला दोनशे रुपयांहून अधिक उत्पन्न असलेल्याने आपले उत्पन्न स्वतः सांगायचे, ही कल्पना येथील व्यापाऱ्यांना नवी आणि अपमानाची वाटली. तो कर पुढे बंद झाला, पुन्हा आला आणि १८८६ च्या कायद्याने कायमचा बसला.

सोलापूरच्या व्यापाऱ्यावर असा आयकर असताना इकडच्या व्यापाऱ्याला करोडगिरी माहीत होती. करोडगिरी म्हणजे निजाम सरकारचे जकात खाते. १८०२ च्या व्यापारी तहापासून पाच टक्के हा दर ठरून गेलेला. नाक्यावर गाडी थांबे, गोणी मोजल्या जात, पावती मिळे. सरकारला माल दिसत होता. त्या मालावर कोणी किती कमावले, हे दिसत नव्हते. वही घरातच राहिली.

ती बाहेर निघाली फार उशिरा. हैदराबाद संस्थानाचा आयकर कायदा १३५७ फसलीचा, म्हणजे १९४७-४८ चा. १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान मुक्त झाले, १९५० साली हैदराबादचा विक्रीकर कायदा आला आणि १ एप्रिल १९५० पासून भारताचा आयकर कायदा येथेही लागू झाला. दोन-तीन वर्षांत तीन कायदे. मोडीत किंवा मुडियात लिहिलेली रोजकीर्द आता अधिकाऱ्याला वाचून दाखवायची होती. मुनीम हिशेब लिहीत असे, पण कायदा समजावणारा माणूस वेगळा लागू लागला. विक्रीकराचा वकील हा तालुक्याच्या गावातला नवा व्यवसाय येथून सुरू झाला.

तरीही या टप्प्यापर्यंत व्यापारी मुख्यतः स्वतःविषयीच सांगत होता. दुसऱ्याच्या कागदावर त्याचा कर अवलंबून राहू लागला तो राज्यपुनर्रचनेनंतर. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि गुलबर्गा, बीदर म्हैसूर राज्यात गेले. उमरगा-लोहाऱ्याच्या दुकानदाराची रोजची बाजारपेठ एका रात्रीत परराज्य झाली. त्याच वर्षीच्या केंद्रीय विक्रीकर कायद्याने सी फॉर्म आणला. परराज्यातल्या खरेदीदाराने हा फॉर्म पाठवला तरच विक्रेत्याला सवलतीचा दर मिळे. न पाठवला तर फरक विक्रेत्याच्या माथी. सीमेवरच्या जुन्या व्यापाऱ्यांना विचारा. कराचा दर त्यांना आठवणार नाही, पण न आलेले सी फॉर्म नक्की आठवतील.

पुढचा बदल वरवर किरकोळ वाटतो. १ एप्रिल १९८९ पासून आयकरासाठी सगळ्यांचे हिशेबाचे वर्ष ३१ मार्चला संपू लागले. तोवर दिवाळी ते दिवाळी वर्ष धरण्याची मुभा होती. लक्ष्मीपूजनाला आजही वही पुजली जाते, पण त्या वहीचा सरकारी वर्षाशी संबंध तेव्हाच तुटला. सगळ्यांचे वर्ष एक झाल्याशिवाय एकाची नोंद दुसऱ्याच्या नोंदीशी ताडता येत नाही, हे लक्षात घेतले म्हणजे या बदलाचे वजन कळते.

ताडण्याचे काम महाराष्ट्रात व्हॅटने केले. १ एप्रिल २००५ ला तो आला आणि पुढे जे-१, जे-२ ही जोडपत्रे आली. एकात विक्री ग्राहकवार, दुसऱ्यात खरेदी पुरवठादारवार. खोटी बिले विकणारे 'हवाला' विक्रेते त्यातून उघडे पडले, हे मान्यच केले पाहिजे. पण विक्रेत्याने कर भरला नसेल तर खरेदीदाराला वजावट का नाकारायची? हा प्रश्न कोल्हापूरच्या महालक्ष्मी कॉटन जिनिंग प्रेसिंग अँड ऑइल इंडस्ट्रीजने मुंबई उच्च न्यायालयात नेला. २०१२ मध्ये न्यायालयाने कायद्याचे कलम ४८(५) वैध ठरवले. कर तिजोरीत पोचला असेल तेवढीच वजावट. मात्र कसूरदार विक्रेत्याच्या मागे लागू आणि त्याच्याकडून वसुली झाल्यावर खरेदीदाराला त्याचा लाभ देऊ, अशी भूमिका शासनाने तेथे मांडली होती.

१ जुलै २०१७ च्या जीएसटीने हीच रीत देशभर नेली. विक्रेता जीएसटीआर-१ मध्ये बिले चढवतो, ती खरेदीदाराच्या टूबी पत्रकात दिसतात. १ जानेवारी २०२२ पासून कायदाच सांगतो, की विक्रेत्याने बिल कळवले नसेल तर खरेदीदाराला क्रेडिट नाही. याचा अर्थ आमच्याकडे काय होतो? माझ्या परिचयातल्या एका कृषी सेवा केंद्रवाल्याने हंगामाच्या तोंडावर एक लाखाची कीटकनाशके घेतली. अठरा टक्क्यांप्रमाणे अठरा हजार कर त्याने बिलातच चुकता केला. पुरवठादाराने बिल वेळेत चढवले नाही. शेतकऱ्यांना दिलेली उधारी सोयाबीन निघेपर्यंत येणार नव्हती. तेवढी रक्कम त्याने पुन्हा पदरची भरली. मुदत त्याची टळली नव्हती, वही चोख होती. चुकला होता तो दुसराच.

आणि हे सारे सांभाळतो तो कर सल्लागार. मुनीम एका दुकानाचा असे. हा पन्नास दुकानांचा असतो. अकरा तारीख, वीस तारीख, ओटीपी, नोटिसा, यात त्याचा महिना संपतो. पत्रक तो भरतो, पण जीएसटी कायद्याच्या कलम ४८ प्रमाणे माहितीच्या अचूकतेची जबाबदारी दुकानदाराचीच राहते. ज्याला पडद्यावरचे वाचता येत नाही, तोच त्याचा जामीन.

हे अटळ आहे का? अमेरिकेत २०१० च्या आरोग्य कायद्यात एक कलम घातले गेले. कोणत्याही व्यवसायाने एकाच पुरवठादाराला वर्षात सहाशे डॉलर वा अधिक दिले तर ते सरकारला कळवायचे. लहान व्यावसायिकांनी ओरड केली आणि २०११ मध्ये, अंमल सुरू होण्यापूर्वीच, ते रद्द झाले. माहिती मागण्याचाही एक खर्च असतो आणि तो कोणाच्या खिशातून जातो हे विचारता येते, एवढे त्यातून घेण्यासारखे आहे.

मी जुन्या वहीचा भाट नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे आमच्या भागात दगडमातीची घरे कोसळली, तेव्हा हिशेबाचे कागदही ढिगाऱ्याखाली गेले. आजची नोंद तशी गाडली जाणार नाही. खोट्या बिलांना आळा बसतो तोही याच नोंदींमुळे. पण मोहतर्फ्यापासून टूबीपर्यंतचा हा प्रवास एक गोष्ट ठळक दाखवतो. माहिती गोळा करण्याचे काम पेठेकडून नाक्याकडे, नाक्याकडून अधिकाऱ्याकडे आणि अखेर खुद्द दुकानदाराकडे आले. आता तो बिनपगारी कारकून आहे आणि शेजाऱ्याच्या चुकीचा दंडही त्यालाच. ज्याने बिल आणि पैसे दिल्याचा पुरावा दाखवला, त्याला हात लावण्याआधी बिल न चढवणाऱ्याला गाठावे, ही अपेक्षा मोठी नाही. कोल्हापूरच्या खटल्यात शासनाने जे सांगितले, त्याच्याच एक पाऊल पुढची ती आहे.