शिक्क्यांची वही

गेल्या महिन्यात कपाट आवरताना लेकीचा जुना पासपोर्ट सापडला. खरा नव्हे, शाळेतून मिळालेला. छोटीशी वही, कोपरे दुमडलेले, आत पानोपानी शिक्के. काही वाकडे, काही पुसट, एक तर चक्क उलटा. (तो उलटा शिक्का आमच्या घरी बरेच दिवस चर्चेचा विषय होता.)

आम्ही तेव्हा बर्मिंगहॅमला राहत होतो. इंग्लंडमध्ये 'चिल्ड्रन्स युनिव्हर्सिटी' नावाचा एक उपक्रम आहे, १९९० च्या दशकात त्याच शहरात सुरू झालेला. शाळेच्या वेळेबाहेर मूल जे काही शिकतं त्याचीही दखल घ्यायची, ही त्यामागची कल्पना. साधारण पाच ते चौदा वर्षांच्या मुलांना 'पासपोर्ट टू लर्निंग' नावाची ही वही मिळते. उपक्रमात सामील असलेल्या संग्रहालयात, वाचनालयात, बागेत जायचं आणि शिक्का मारून घ्यायचा. त्याचे तास मोजले जातात. तीस तास भरले की पहिलं प्रमाणपत्र, आणि मग काळा झगा नि चौकोनी टोपी घालून पदवीदान समारंभ! दुधाचे दात पडलेली मुलं गंभीर चेहऱ्याने पदवी घेतात, ते दृश्य बघण्यासारखं असतं.

पण खरं सांगायचं तर सुरुवातीला मला ह्या वहीचा रागच यायचा. आत पाऊल टाकलं की लेकीचा पहिला प्रश्न, "आई, शिक्का कुठे मिळतो?" शिक्का मिळाला की दुसरा प्रश्न, "आता घरी जायचं?" मधल्या मधे जे काही हजार-दोन हजार वर्षांचं मांडून ठेवलेलं असेल ते तसंच राहायचं. १९७३ साली अमेरिकेत मार्क लेपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बालवाडीतल्या मुलांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध आहे. चित्रं काढायची आवड असलेल्या मुलांना 'चित्र काढलंत तर प्रमाणपत्र देऊ' असं आधीच सांगितलं. काही दिवसांनी बघितलं तर त्या मुलांचा चित्रं काढण्यातला वेळ इतर मुलांच्या जवळजवळ निम्म्यावर आला होता. ज्यांना न सांगता अचानक प्रमाणपत्र दिलं त्यांच्यात मात्र अशी घट नव्हती. हे वाचल्यापासून ती वही हरवली तर बरं, असंही एकदा मनात येऊन गेलं.

हे मत बदललं ते जरा मागे जाऊन बघितल्यावर. मागे म्हणजे बरंच मागे.

ब्रिटिश म्युझियम १५ जानेवारी १७५९ ला उघडलं. प्रवेश फुकट, अभ्यासू आणि जिज्ञासू अशा सगळ्यांना. ऐकायला छान वाटतं ना? प्रत्यक्षात आधी दरवानाकडे जाऊन आपलं नाव, पत्ता आणि समाजातली पायरी लिहून द्यायची. ती यादी वरचे अधिकारी तपासणार. मग तिकीट आणायला पुन्हा खेटा, आणि बघायला जायचं ते तिसऱ्यांदा. तासाला दहाच तिकिटं. आत गेल्यावर एका अधिकाऱ्याच्या मागे मागे चालायचं, आपलं आपण कुठे थांबायचं नाही. आणि लहान मुलांना तर प्रवेशच नव्हता, तसा नियमच होता. (आपल्याकडे व्हिसासाठी रांगेत उभं राहिलेल्या कुणालाही हे सगळं ओळखीचं वाटेल.)

ह्या व्यवस्थेचा अनुभव घेतलेला एक माणूस बर्मिंगहॅमचाच निघाला, ह्याची मला गंमत वाटते. विल्यम हटन. पुस्तकविक्रेता, पुढे त्या शहराचा इतिहासकार. १७८४ च्या डिसेंबरात तो लंडनला गेला आणि दुसऱ्या कुणाचं तरी तिकीट जवळपास दोन शिलिंग मोजून विकत घेतलं. दहा जणांचा घोळका, पुढे भराभर चालणारा तरुण. हटनने एका वस्तूबद्दल विचारलं तर तो वैतागला. सगळं काय मीच सांगू, नावं लिहिलेली आहेत की, अशा अर्थाचं काहीतरी बोलला. बाकीचे गप्प झाले, हटनही गप्प झाला. अर्ध्या तासात सगळे पुन्हा रस्त्यावर. हा माणूस फारसा शाळेत गेलेला नव्हता, सातव्या वर्षी रेशमाच्या गिरणीत कामाला लागलेला. त्याला जाणून घ्यायचं होतं, आणि त्याला गप्प केलं गेलं. प्रवासवर्णनात त्याने हे सगळं लिहून ठेवलंय, आणि दोनशे वर्षांनंतरही त्याची चडफड जाणवते.

मला जाणवली त्याला कारण आहे. पुण्याला चौथीत असताना आमची सहल राजा केळकर संग्रहालयात गेली होती. दोन-दोनची रांग, तोंडावर बोट, हात मागे. बाईंना पुढे सारसबाग गाठायची होती, त्यामुळे आम्ही दिवे, अडकित्ते, दरवाजे सगळं चालता चालता बघितलं. एका अडकित्त्यापाशी मी थांबले तर मागून पाठीत टपली बसली. दिनकर केळकरांनी १९२० च्या सुमारास वस्तू जमवायला सुरुवात केली आणि संग्रहाला लहानपणीच गेलेल्या आपल्या एकुलत्या एक मुलाचं, राजाचं नाव दिलं, हे मला फार उशिरा कळलं. १९७५ साली तो सगळा संग्रह त्यांनी महाराष्ट्र सरकारच्या स्वाधीन केला. एका मुलाच्या आठवणीत उभं राहिलेलं घर, आणि त्यातून आम्ही मुलं हाकलल्यासारखी बाहेर पडलो होतो. असो.

बरं, हे सगळं जुनं झालं म्हणावं तर तसंही नाही. लंडनच्या रॉयल अकॅडमीत २००२-०३ मध्ये अ‍ॅझ्टेक संस्कृतीचं मोठं प्रदर्शन भरलं होतं. पत्रकार डी बर्केट आपल्या मुलांना घेऊन गेल्या. धाकटा दोन वर्षांचा. गरुडयोद्ध्याचा पुतळा बघून तो "राक्षस! राक्षस!" म्हणून ओरडला आणि सगळ्या कुटुंबाला बाहेर काढण्यात आलं. (मला विचाराल तर त्या पुतळ्याला इतकी मनापासून दाद त्या दिवशी दुसऱ्या कुणी दिली नसेल.) त्यांनी 'गार्डियन'मध्ये त्यावर लिहिलं, वाचकांची पत्रं आली, आणि त्यातून 'किड्स इन म्युझियम्स' ही मोहीम २००३ मध्ये उभी राहिली. तोवर, म्हणजे डिसेंबर २००१ पासून, इंग्लंडमधली राष्ट्रीय संग्रहालयं फुकट झालेली होती. म्हणजे अडचण नेहमी पैशाचीच असते असं नाही. ही जागा आपली नाही, आपण इथे शोभत नाही, असं ज्या घरांना वाटतं त्यांचं काय करायचं?

तिथे मला ह्या वहीचा उपयोग दिसायला लागला. १७५९ च्या तिकिटाचं काम माणसं गाळण्याचं होतं. ही वही निमंत्रण देते, आणि तेही पोरांच्या हातून थेट आईबापांना. पावसाळी रविवारी मी काही आपणहून घराबाहेर पडले नसते. लेपरच्या प्रयोगातल्या मुलांना चित्रांची आवड आधीपासून होती. ज्या घराने उंबरठाच ओलांडलेला नाही तिथे बिघडायला मुळात आवड तरी हवी ना!

बर्मिंगहॅमच्या संग्रहालयात सुलतानगंजचा बुद्ध आहे. तांब्याचा, सव्वादोन मीटरहून उंच, वजन पाचशे किलोच्या वर, साधारण इ.स. ५०० ते ७०० मधला. बिहारमध्ये रेल्वेचं काम चालू असताना १८६१-६२ च्या सुमारास हॅरिस नावाच्या इंजिनिअरला तो जमिनीत सापडला. बर्मिंगहॅमचे माजी महापौर, लोखंडी सामानाचे व्यापारी सॅम्युअल थॉर्न्टन ह्यांनी दोनशे पौंड खर्चून तो इकडे आणवला. आम्ही गेलो तेव्हा सासूबाई पुण्याहून आलेल्या होत्या. त्यांनी समोर उभं राहून हात जोडले. लेक शिक्का घेऊन परत आली आणि आजी काय करतेय म्हणून थांबली.

"आई, हा इकडे कसा आला?"

मी रेल्वे, इंजिनिअर, बोट असं सगळं सांगितलं.

"त्याला कुणी विचारलं होतं?"

"नाही गं."

"मग त्याच्याकडे पासपोर्ट नव्हता?"

सासूबाई हसल्या. मला पटकन उत्तर सुचलं नाही. त्या दिवशी 'घरी जायचं?' हा प्रश्न आला नाही. बुद्धाच्या उजव्या पंज्याकडे बघत ती बराच वेळ उभी होती, आणि तिकडून निघताना माझेच पाय दुखायला लागले होते.

गेल्या उन्हाळ्यात पुण्याला भाच्यासाठी मी साध्या चाळीस पानी वहीचा पासपोर्ट केला. शिक्का कुठून आणणार? म्हणून ठरवलं की प्रत्येक ठिकाणी त्याने एका वस्तूचं चित्र काढायचं. केळकर संग्रहालयात त्याने अडकित्ता निवडला, मी काही सुचवलेलं नव्हतं. काढून झाल्यावर आम्ही जिना उतरून बाहेर आलो, चपला घातल्या, रिक्षाला हात केला, तेवढ्यात तो म्हणाला, "मामी, त्याची कडी कुठल्या बाजूला होती?"

रिक्षावाल्याला नाही म्हटलं आणि आम्ही परत वर गेलो.