डबस्टेप : उगम, विपर्यास आणि टिकून राहिलेली कीर्ती

डबस्टेप हा इ.स. २००० च्या सुमारास दक्षिण लंडनमध्ये आकाराला आलेला इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताचा प्रकार होय. मिनिटाला सुमारे १४० ठोक्यांची गती, त्या गतीच्या निम्म्या वेगाने चालणारा भासणारा ठेका, आघातांमधील मोकळ्या जागा आणि कानापेक्षा छातीला अधिक जाणवणारा अतिमंद्र नाद ही त्याची मुख्य लक्षणे. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत या प्रकाराला दोन परस्परविरोधी कीर्ती लाभल्या. एका वर्गाच्या मते तो करकरणाऱ्या यांत्रिक आवाजांचा, अल्पकाळ गाजून विरलेला गोंगाट आहे. दुसऱ्या वर्गाच्या मते तो जमैकाच्या डब परंपरेचा गंभीर, जवळजवळ ध्यानस्थ वारसदार आहे. या दोन मतांमधील अंतर समजून घेतल्याशिवाय डबस्टेपचा इतिहास कळत नाही. आणि ते समजून घेण्यासाठी लंडनइतकेच टोकियोही महत्त्वाचे आहे.

टोकियोच्या एदोगावा वॉर्डातील फुनाबोरी आणि शेजारचे निशी-कासाई हे परिसर गेल्या दोन दशकांत भारतीय संगणक अभियंत्यांच्या वस्तीसाठी ओळखले जाऊ लागले. त्यात मराठी कुटुंबेही आहेत. ११५ मीटर उंचीच्या मनोऱ्यामुळे दुरूनही ओळखू येणाऱ्या या फुनाबोरीतून तोएई शिंजुकु मार्गाची गाडी थेट शिंजुकुला जाते. तेथून शिबुया आणि दाइकान्यामा हे क्लबांचे भाग जवळच आहेत. जपानी डबस्टेपचे जग याच पश्चिम टोकियोत घडले.

डबचा वारसा

डबस्टेप या नावातील 'डब' जमैकातून आला. १९६० च्या दशकाच्या अखेरीस आणि १९७० च्या दशकात किंग टबीसारख्या ध्वनितंत्रज्ञांनी रेगे गीतांतील गायन काढून टाकून केवळ ढोल आणि बास गिटार शिल्लक ठेवले आणि त्यावर प्रतिध्वनीचे संस्कार केले. अशा ध्वनिमुद्रणांसाठी प्रचंड ध्वनिवर्धकांचे फिरते ताफे असत. त्यांना 'साउंड सिस्टम' म्हणत. १९४८ नंतर कॅरिबियन बेटांवरून ब्रिटनमध्ये गेलेल्या स्थलांतरितांनी ही प्रथा सोबत नेली. स्थलांतरित समाजाचे उत्सवी वाद्यवृंद पुढच्या पिढीत यजमान देशाचे संगीत बदलून टाकतात, याचे हे ठळक उदाहरण होय.

नावातील 'स्टेप' हा भाग 'टू-स्टेप गराज' या १९९० च्या दशकातील लंडनच्या नृत्यसंगीतातून आला. एल-बी, झेड बायस आणि हॉर्सपॉवर प्रॉडक्शन्स या निर्मात्यांनी गराजमधील गोड गायन वजा केले आणि काळोख व पोकळी वाढवली.

क्रॉयडन ते ब्रिक्स्टन

या प्रयोगांना ठिकाणा मिळाला तो दक्षिण लंडनमधील क्रॉयडन येथे. तेथील बिग ॲपल रेकॉर्ड्स या तबकड्यांच्या दुकानात हॅचा हा डीजे काम करी आणि स्क्रीम व बेंगा ही शाळकरी वयाची मुले तेथे येत-जात. घरच्या संगणकावर बनवलेल्या रचना ही मुले हॅचाला देत आणि हॅचा त्या क्लबमध्ये वाजवी. २००१ मध्ये सुरू झालेल्या 'फॉरवर्ड' या कार्यक्रमाने या संगीताला पहिला नियमित मंच दिला. पुढे तो शोरडिचमधील प्लास्टिक पीपल या लहानशा क्लबात स्थिरावला. 'डबस्टेप' हा शब्द २००२ च्या सुमारास छापील मजकुरात रूढ झाला.

त्या काळी नव्या रचना प्रथम 'डबप्लेट' या मऊ लाखेच्या तबकडीवर कोरून घेतल्या जात. ही तबकडी काही डझन वेळा वाजली की झिजत असे. त्यामुळे रचना ऐकण्यासाठी त्या विशिष्ट रात्री त्या विशिष्ट जागी हजर राहावे लागे. रिन्स एफएम या तेव्हाच्या विनापरवाना आकाशवाणी केंद्राने हे संगीत घराघरांत नेले. या केंद्राला २०१० मध्ये अधिकृत परवाना मिळाला.

मार्च २००५ मध्ये माला, कोकी आणि लोफा यांनी ब्रिक्स्टनमधील एका जुन्या चर्चच्या इमारतीत 'डीएमझेड' हा कार्यक्रम सुरू केला. पहिल्या वर्धापनदिनी रांग इतकी वाढली की आयोजकांना तळमजल्यावरून वरच्या मोठ्या दालनात जावे लागले. त्याआधी जानेवारी २००६ मध्ये बीबीसी रेडिओ १ वर मेरी ॲन हॉब्स यांनी 'डबस्टेप वॉर्झ' हा विशेष कार्यक्रम सादर केला आणि क्रॉयडनची ही कुजबुज जगभर पोहोचली. स्क्रीमची 'मिडनाइट रिक्वेस्ट लाइन' (२००५) आणि बरिअलचा 'अनट्रू' (२००७) या कृती या पर्वाच्या खुणा मानल्या जातात. 'अनट्रू' २००८ च्या मर्क्युरी पारितोषिकाच्या अंतिम यादीत होता.

रचनेचे मर्म

हिंदुस्थानी संगीताच्या श्रोत्याला डबस्टेपची लय समजणे अवघड नाही. मूळ गती १४० असली तरी मुख्य आघात चार मात्रांतील तिसऱ्या मात्रेवर येतो. त्यामुळे कानाला ती ७० ची ठाय लय वाटते, आणि झांजेसारखे बारीक आवाज मात्र दुगुनीत चालत राहतात. विलंबित आणि द्रुत यांचा एकाच वेळी होणारा हा अनुभव हेच या संगीताचे आकर्षण. नर्तक त्यांपैकी कोणत्याही लयीत डोलू शकतो.

दुसरे मर्म मंद्र नादात आहे. डबस्टेपचा पाया साधारण ३० ते ६० हर्ट्झच्या पट्ट्यात असतो. ५० हर्ट्झच्या ध्वनिलहरीची लांबी जवळजवळ सात मीटर भरते. मोबाइल फोनचा चिमुकला ध्वनिवर्धक हा पट्टा वाजवूच शकत नाही. परिणामी फोनवर डबस्टेप ऐकणाऱ्याला रचनेचा पायाच ऐकू येत नाही. उरतात ते वरचे तुटक आवाज. या संगीताविषयीच्या गैरसमजाचे एक कारण इतके साधे आहे.

अमेरिकी वळण

वरच्या पट्टीतील आवाजांनाच प्राधान्य दिले तर काय होते, याचे उत्तर २००७ नंतर मिळाले. रस्को आणि कॅस्पा यांच्या रचनांतील डोलणारा, गुरगुरणारा बास अमेरिकेतील तरुण श्रोत्यांना भावला. रॉक गायक म्हणून सुरुवात केलेल्या स्क्रिलेक्सने ऑक्टोबर २०१० मध्ये 'स्केरी मॉन्स्टर्स अँड नाइस स्प्राइट्स' प्रसिद्ध केले. त्यात मध्यम व उच्च पट्टीतील किंचाळणारे आवाज पुढे आले आणि मंद्र नाद मागे पडला. हा आवाज लॅपटॉपवरही ठसठशीत ऐकू येई. फेब्रुवारी २०१२ मध्ये स्क्रिलेक्सला तीन ग्रॅमी पुरस्कार मिळाले. ब्रिटनी स्पिअर्स, कॉर्न, म्यूझ आणि टेलर स्विफ्ट यांच्या गीतांतही या शैलीचे तुकडे दिसू लागले. चित्रपटांच्या झलकींपासून जाहिरातींपर्यंत सर्वत्र तिचा वापर झाला.

जुन्या श्रोत्यांनी या शाखेला 'ब्रोस्टेप' हे हेटाळणीचे नाव दिले. तिचा अतिवापर झाल्यावर उपहासही तितकाच झाला आणि तो मूळ प्रकारालाही चिकटला. २०१३ च्या सुमारास स्क्रीमने स्वतः डबस्टेपपासून अंतर ठेवून हाउस आणि डिस्कोकडे वळणे पसंत केले. जानेवारी २०१५ मध्ये प्लास्टिक पीपल बंद झाले. डबस्टेप संपला, असे त्या काळात सर्रास लिहिले गेले.

टोकियोतील शाखा

मात्र जपानमध्ये चित्र वेगळे होते. तेथे डबची स्वतंत्र परंपरा आधीपासून होती. १९८० च्या दशकातील म्यूट बीट, नंतरचे ड्राय अँड हेवी आणि ऑडिओ ॲक्टिव्ह हे वाद्यवृंद तिचे प्रतिनिधी. योकोहामाच्या मायटी क्राउन या साउंड सिस्टमने १९९९ मध्ये न्यूयॉर्कमधील जागतिक स्पर्धा जिंकली होती. शिमोकितझावा येथील डिस्क शॉप झीरो हे लहान दुकान ब्रिस्टलमधील बास संगीताचे जपानी केंद्रच बनले होते. ते २०२० मध्ये बंद झाले.

या भूमीत ताकेआकी मारुयामा, अर्थात गॉथ-ट्रॅड, याने काम सुरू केले. ड्राय अँड हेवीचा बासवादक ताकेशी 'हेवी' आकिमोतो याच्यासह 'रिबेल फॅमिलिया' या जोडगोळीत त्याने डब आणि कठोर इलेक्ट्रॉनिक नाद यांचा मेळ घातला. २००५ च्या 'मॅड रेव्हर्स डान्स फ्लोअर' या अल्बमनंतर, २००६ मध्ये, त्याने टोकियोत 'बॅक टू चिल' हा डबस्टेपला वाहिलेला नियमित कार्यक्रम सुरू केला. त्याच वर्षी लंडनमध्ये मालाने 'डीप मेदी म्यूझिक' हे लेबल स्थापन केले आणि २००७ मध्ये त्यावर गॉथ-ट्रॅडची 'कट एंड' ही रचना प्रसिद्ध झाली. २०१२ च्या जानेवारीत त्याच लेबलवर 'न्यू एपॉक' हा अल्बम आला. स्क्रिलेक्सला ग्रॅमी मिळाली त्याच सुमारास आलेला हा अल्बम संथ, विरळ आणि मंद्रप्रधान होता. एकाच नावाखाली चालणाऱ्या दोन वाटा किती दूर गेल्या होत्या, हे या योगायोगावरून स्पष्ट दिसते.

जपानी क्लबांपुढे कायद्याचीही अडचण होती. १९४८ च्या मनोरंजन व्यवसायविषयक कायद्यानुसार मध्यरात्रीनंतर, काही भागांत एक वाजल्यानंतर, ग्राहकांना नाचू देण्यास बंदी होती. अनेक दशके या कलमाकडे काणाडोळा झाला. २०१० नंतर मात्र ओसाकापासून धाडी सुरू झाल्या. एप्रिल २०१२ मध्ये ओसाकातील 'नून' या क्लबच्या चालकाला अटक झाली. न्यायालयाने पुढे त्याला निर्दोष ठरवले. कलावंतांनी दीड लाखांहून अधिक स्वाक्षऱ्या गोळा केल्या. जून २०१५ मध्ये कायदा बदलला आणि २३ जून २०१६ पासून परवानाधारक क्लबांना रात्रभर नृत्याची मुभा मिळाली. अट अशी की दालनात १० लक्सपेक्षा अधिक उजेड असावा. शेवटची गाडी मध्यरात्रीच्या सुमारास सुटणाऱ्या शहरात हा बदल जीवनमरणाचा होता. फुनाबोरीसारख्या उपनगरातील श्रोत्यापुढे अशा रात्री एकच पर्याय असतो : पहाटेच्या पहिल्या गाडीपर्यंत थांबणे.

महाराष्ट्रातील पडसाद

भारतात डबस्टेपचा प्रवेश मुंबई, दिल्ली आणि गोवा यांच्यामार्गे झाला. मुंबईत बे बीट कलेक्टिव्हने ड्रम अँड बासबरोबर हा प्रकार रुजवला. लोअर परळच्या मथुरादास मिलच्या आवारातील ब्लू फ्रॉग हा २००७ ते २०१६ या काळात अशा संगीताचा एक प्रमुख मंच होता. २०१६ पासून गोवा सनस्प्लॅश महोत्सवाने रेगे आणि साउंड सिस्टमची मूळ परंपराही भारतीय श्रोत्यांसमोर आणली.

सर्वाधिक लोकप्रियता मिळाली ती न्यूक्लिया, म्हणजे उद्यन सागर, याला. बंदिश प्रोजेक्ट या वाद्यवृंदातून पुढे आलेल्या या निर्मात्याने 'कूचा मॉन्स्टर' (२०१३) मध्ये डबस्टेपचा बास आणि रस्त्यावरच्या मिरवणुकीचे ताल एकत्र केले. 'बास राणी' (२०१५) हा अल्बम तर त्याने मुंबईत गणेश विसर्जनाच्या दिवशी प्रकाशित केला. या निवडीमागे सांगीतिक तर्कही होता. ढोल-ताशा आणि डॉल्बीच्या भिंती यांतून मराठी माणसाची मंद्र नादाशी ओळख क्लब येण्यापूर्वीच झालेली होती.

त्याच ओळखीतून वादही आला. भारताच्या २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा घातली. सप्टेंबर २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने विसर्जन मिरवणुकीत डीजे आणि डॉल्बी यंत्रणेला परवानगी देण्यास अंतरिम नकार दिला. येथे एक तांत्रिक बाब सहसा दुर्लक्षित राहते. हे मोजमाप 'ए' भारांकनाने होते. मानवी कान मंद्र स्वरांना कमी संवेदनशील असल्याने या पद्धतीत ५० हर्ट्झचा नाद सुमारे ३० डेसिबलने कमी धरला जातो. मोजयंत्रावर सौम्य दिसणारा आवाज खिडक्यांची तावदाने हलवू शकतो, याचे कारण हेच. जपानच्या पर्यावरण मंत्रालयाने २००४ मध्ये मंद्र ध्वनीच्या तक्रारींसाठी वेगळी मार्गदर्शिका काढली. तिचा भर १०० हर्ट्झखालील नादावर आहे. दाट वस्तीच्या सदनिकांत राहणाऱ्या कुटुंबांना हा फरक अनुभवाने ठाऊक असतो : शेजाऱ्याचे शब्द भिंत अडवते, त्याचा बास मात्र अडत नाही.

टिकून राहिलेली कीर्ती

लाट ओसरल्यानंतर डबस्टेपचे काय उरले, याची उत्तरे तीन प्रकारे देता येतात. पहिले, अमेरिकी शाखा नाहीशी झाली नाही. 'रिडिम' या नावाने आणि महोत्सवांच्या रूपाने तिचा मोठा श्रोतृवर्ग टिकून आहे. दुसरे, त्याचे ध्वनितंत्र इतर प्रकारांत मिसळून गेले. आजच्या पॉप, हिप-हॉप आणि चित्रपटसंगीतातील खोल बास आणि हेतुपुरस्सर सोडलेल्या मोकळ्या जागा ही त्या पर्वाचीही देणगी आहे. तिसरे, मूळ संथ शाखा लहान राहिली, पण तुटली नाही. डीप मेदीसारख्या लेबलांनी तबकड्या काढणे चालू ठेवले, आणि तरुण निर्माते पुन्हा १४० च्या गतीकडे वळू लागले.

या टिकाऊपणात टोकियोचा वाटा मोलाचा आहे. ज्या काळात लंडनमधील अग्रणी अन्य प्रकारांकडे वळत होते आणि बाजारपेठ गोंगाटाला पुरस्कार देत होती, त्या काळात जपानमधील मोजक्या कलावंतांनी आणि श्रोत्यांनी मूळ शिस्त सांभाळली. एखादी परंपरा जन्मभूमीपेक्षा परभूमीत अधिक निष्ठेने जपली जाते, हा अनुभव देशाबाहेरच्या मराठी वाचकाला नवा नाही. डबस्टेपची खरी पारख करायची असल्यास फोनवरून मत बनवू नये. ज्या दालनात मंद्र नाद पूर्णपणे वाजू शकतो, तेथे जाऊन तो ऐकावा. क्रॉयडनच्या मुलांनी तो तशाच दालनांसाठी रचला होता.