गॅसच्या टाकीतला चौक

व्हिएन्नात १८९६ ते १८९९ या काळात गॅस साठवण्यासाठी विटांच्या चार अजस्र गोल इमारती बांधल्या गेल्या. १९८४ साली त्या बंद पडल्या. त्याच वर्षी आपल्या इंदूरचा राजवाडा जळाला. राजवाडा पुन्हा राजवाडा म्हणूनच उभा राहिला. व्हिएन्नाकरांनी मात्र टाक्यांच्या जागी बिऱ्हाडे थाटली. २००१ पर्यंत चार इमारतींत चार वास्तुविशारदांनी सदनिका बसवल्या. बाहेरच्या भिंती जुन्याच, म्हणजे तेवढी वीट नव्याने भाजायला नको. अडचण होती उजेडाची! तिघांनी मधोमध चौक मोकळा सोडला. हे तर आपल्या वाड्याचेच तंत्र! आम्ही मात्र वाडा पाडून चौकासकट जागा भरतो आणि भरदिवसा दिवे लावतो. पाडण्यापूर्वी तुळयांची भिंतीतली टोके तरी तपासावीत. बहुधा तेवढीच कुजलेली असतात, बाकी सागवान ठणठणीत.