त्रिकाळ प्रार्थना : आपल्याच घरातला ठेवा

आमच्या चर्चची घंटा आता विजेवर वाजते. दोर ओढणारा माणूस थकला आणि त्याची जागा यंत्राने घेतली. परवा दुपारी बाराची घंटा झाली तेव्हा आम्ही बाप्तिस्म्याच्या दाखल्यांवर सह्या करीत होतो. दाखला न्यावयास आलेल्या आजी उठून उभ्या राहिल्या, त्यांनी क्रुसाची खूण केली आणि ओठ हलविले. आमची लेखणी मात्र चालूच होती. त्या ओशाळवाण्या क्षणाने आम्हाला जुने ग्रंथ पुन्हा उघडावयास लावले.

ठरावीक वेळी प्रार्थना करणे हे मठवासीयांचे व्रत, प्रपंचात पडलेल्या माणसाला ते कोठून जमणार, असा पुष्कळांचा समज आहे. इतिहास याच्या अगदी उलट सांगतो. ‘दिदाखे’ म्हणजे ‘बारा प्रेषितांची शिकवण’ ही पुस्तिका बहुतेक अभ्यासकांच्या मते पहिल्या शतकाच्या अखेरची वा दुसऱ्याच्या आरंभीची. कित्येक शतके ती हरवलेली होती. १८७३ मध्ये कॉन्स्टँटिनोपलच्या एका ग्रंथालयात फिलोथिओस ब्रिएनिओस या ग्रीक धर्मपंडितांना तिची १०५६ सालची प्रत सापडली व १८८३ मध्ये ती प्रसिद्ध झाली. तीत साधी आज्ञा आहे : प्रभूने शिकविलेली प्रार्थना दिवसातून तीनदा म्हणा. त्या काळी मठ नव्हते. ही आज्ञा बाजारहाट करणाऱ्या, मुलेबाळे सांभाळणाऱ्या माणसांनाच होती.

इ. स. २०० च्या सुमारास कार्थेजचा तेर्तुलियन तिसरा, सहावा आणि नववा तास सांगतो. म्हणजे आपले सकाळचे नऊ, दुपारचे बारा आणि तीन. लोकव्यवहारात दिवसाचे भाग याच तासांनी पडत, असेही तो नमूद करतो. आपल्या पूर्वजांनी देवासाठी निराळे घड्याळ केले नाही. बाजाराच्याच घड्याळात त्याला जागा दिली. ‘प्रेषितांची कृत्ये’ या ग्रंथात पेत्र यापो येथे सहाव्या तासाला गच्चीवर प्रार्थनेस जातो. पोटात भूक, घरात स्वयंपाक चाललेला. आणि त्याच वेळी घडलेल्या दर्शनातून परराष्ट्रीयांना ख्रिस्तसभेचे दार उघडते.

हिप्पोलितस याच्या नावावर असलेल्या ‘प्रेषितीय परंपरा’ या ग्रंथातील सूचना तर आजच्यासाठीच लिहिल्यासारखी वाटते. तिसऱ्या तासाला घरी असाल तर प्रार्थना करून देवाची स्तुती करा. अन्यत्र असाल तर मनातल्या मनात करा.

मग हा ठेवा हातचा गेला कसा? चौथ्या शतकापासून मठ वाढले आणि त्यांच्या प्रार्थना विस्तारत गेल्या. पश्चिमेकडे उपासनेची भाषा लॅटिनच राहिली. हस्तलिखिते सामान्यांच्या आवाक्याबाहेरची. तरी लोकांनी वाट काढली. दीडशे स्तोत्रांच्या जागी त्यांनी दीडशे ‘नमो मारिया’ म्हटल्या. पोप जॉन बाविसावे यांनी १३१८ मध्ये सायंकाळच्या घंटेच्या प्रार्थनेला उत्तेजन दिले. तुर्कांच्या स्वारीच्या संकटात पोप कॅलिक्स्टस तिसरे यांनी १४५६ मध्ये दुपारीही घंटा वाजवून प्रार्थना करण्याचा आदेश दिला. आजींचे ओठ हलले ते या परंपरेने. पुढे दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६३ मध्ये प्रापंचिकांनाही ख्रिस्तसभेच्या प्रहरप्रार्थनेत सहभागी होण्याची शिफारस केली. ते काही नवे दान नव्हते. ज्याची ठेव त्याला परत मिळाली, इतकेच.

वाचकहो, नऊ वाजता आपल्यापैकी कित्येकजण लोकलच्या गर्दीत उभे असतात, बाराला कोणी वर्गात तर कोणी वाडीत असतो, तीनला गृहिणीला जरा उसंत मिळते. ‘आमच्या स्वर्गातील बापा’ म्हणावयास अर्धा मिनिट पुरतो. खिशातला फोन दिवसभर आपल्याला हाका मारतो आणि प्रत्येक हाकेला आपण ओ देतो. तीन हाका देवाच्या असू द्याव्यात.

दुसऱ्यांस सांगण्यापूर्वी आम्ही स्वतःपासून आरंभ केला आहे. आता बाराची घंटा झाली की लेखणी खाली ठेवतो. समोर कोणी दाखल्यासाठी खोळंबले असेल तर तेही आमच्याबरोबर उभे राहतात.