संवाहक, निरोधक आणि इलेक्ट्रॉन : एका भेदाचा इतिहास

घन पदार्थांच्या ज्या गुणधर्मांचे मापन करता येते, त्यांत विद्युत्-रोधकतेइतकी प्रचंड तफावत क्वचितच आढळते. घनतेच्या बाबतीत सर्वांत हलका धातू लिथियम आणि सर्वांत जड धातू ऑस्मियम यांच्यात अवघे बेचाळीस पटींचे अंतर आहे. रोधकतेच्या बाबतीत मात्र चांदी आणि वितळवून घडविलेले क्वार्ट्झ यांच्यातील अंतर मांडावयाचे, तर एकावर सुमारे चोवीस-पंचवीस शून्ये द्यावी लागतात. या दोन टोकांना मराठी परिभाषेत ‘संवाहक’ आणि ‘निरोधक’ अशी नावे आहेत. हा भेद प्रथम कसा लक्षात आला आणि इलेक्ट्रॉनाच्या आधारे त्याची उपपत्ती लागेपर्यंत दोनशे वर्षे का जावी लागली, याचा मागोवा घेताना पदार्थांच्या इतिहासाबरोबर शब्दांचाही इतिहास पाहावा लागतो. कारण या प्रकरणात शब्द आधी आले आणि अर्थ मागाहून.

विल्यम गिल्बर्ट याने १६०० साली प्रसिद्ध केलेल्या चुंबकविषयक ग्रंथात पदार्थांची वेगळीच विभागणी केलेली आढळते. घासल्यावर हलक्या वस्तू ओढून घेणारे अंबर, काच, गंधक आदी पदार्थ ‘विद्युत्-गुणी’, आणि धातूंसारखे न ओढणारे ते ‘अ-विद्युत्’. आजच्या दृष्टीने पाहता गिल्बर्टचे विद्युत्-गुणी पदार्थ म्हणजे आपले निरोधकच. धातूवर घर्षणाने भार निर्माण होत नाही असे नाही. तो हातातून जमिनीत निघून जातो. परंतु विद्युत् ‘निघून जाऊ शकते’ ही कल्पनाच तोपर्यंत जन्मलेली नव्हती.

ती जन्माला घातली स्टीफन ग्रे या कँटरबरीच्या रंगाऱ्याने. १७२९ च्या जुलै महिन्यात केंटमधील ऑटर्डन येथे ग्रॅनव्हिल व्हीलर या मित्राच्या वाड्यात त्याने घासलेल्या काचेच्या नळीतील गुण अंबाडीच्या दोरीवाटे दूरवर नेण्याचा प्रयोग मांडला. त्यापूर्वी छताच्या तुळईला दोरीनेच दोरी टांगली असता प्रयोग फसला होता. आता व्हीलरच्या सूचनेवरून आधारासाठी रेशमाचा धागा घेतला आणि ऐंशी फुटांपलीकडे हस्तिदंती गोळ्याने पितळी वर्ख ओढून घेतला. रेशीम बारीक असल्यामुळे त्यातून थोडीच विद्युत् निसटते, अशी ग्रेची समजूत होती. पुढे दोरीची लांबी वाढविताना तिच्या भाराने रेशीम तुटले. त्याच्या जागी तितकीच बारीक पण मजबूत अशी पितळेची तार बांधली गेली आणि सारी विद्युत् नाहीशी झाली. प्रश्न जाडीचा नसून जातीचा आहे, हे त्या तुटलेल्या धाग्याने शिकविले. अंबाडीची दोरी विद्युत् वाहते ती तिच्यातील ओलाव्यामुळे. इंग्लंडच्या कोरड्या हवेची कल्पना करून हा प्रयोग वाचणाऱ्याने तेथील दमट उन्हाळ्याचे आभार मानावेत.

या दोन वर्गांना नावे देण्याचे काम १७४० च्या आसपास जॉन डेझाग्युलिए याने केले. ‘कंडक्टर’ या शब्दाच्या मुळाशी लॅटिनमधील ‘नेणे, वाट दाखविणे’ या अर्थाचा धातू आहे. जर्मन भाषेतील ‘लाइटर’ या शब्दाचाही अर्थ तोच. ‘इन्सुलेटर’ हा शब्द ‘बेट’ या अर्थाच्या लॅटिन नामावरून आलेला असून, भारित वस्तूला सभोवतालपासून तोडून बेटासारखे एकाकी करणारा, एवढाच त्याचा भाव आहे. मराठीने या जोडीसाठी निराळी वाट धरली. ‘संवाहक’ हा वाहून नेणारा ठरला, आणि ‘निरोधक’ हा अडवून धरणारा. शिवाय धातूच्या अंगी असलेला ‘रोध’ आणि काचेचा ‘निरोध’ हे दोन्ही शब्द एकाच ‘रुध्’ धातूपासून सिद्ध झाल्यामुळे, धातू थोडे अडवितो व काच फार अडविते, म्हणजे भेद केवळ प्रमाणाचा आहे, असा ग्रह भाषेनेच करून दिला. हा ग्रह चुकीचा आहे. मात्र तो केवळ मराठीचा दोष नव्हे. पदार्थविज्ञानही १९३१ पर्यंत बहुतांशी याच समजुतीवर चालत होते.

स्टोनीने १८९१ मध्ये ‘इलेक्ट्रॉन’ हे नाव सुचविले आणि जे. जे. टॉमसनने १८९७ मध्ये त्या कणाचे अस्तित्व दाखविले. (टॉमसन स्वतः मात्र पुढे बरीच वर्षे ‘कॉर्पस्कल’ हाच शब्द वापरीत असे.) त्यानंतर तीनच वर्षांनी, १९०० मध्ये, पॉल ड्रूड याने धातूंची उपपत्ती मांडली. धातूच्या अणूंपासून सुटलेले इलेक्ट्रॉन भांड्यातील वायूच्या रेणूंप्रमाणे इतस्ततः धावतात, अणूंवर आदळतात, आणि विद्युत्-क्षेत्र लावले की त्यांचा थवा सावकाश एका दिशेला सरकतो. हा सरकण्याचा वेग खरोखरच अत्यल्प असतो: तांब्याच्या तारेत दर चौरस मिलिमीटरला एक अँपिअर प्रवाह असता तो सेकंदाला एक-दशांश मिलिमीटरही भरत नाही. उत्तम उष्णतावाहक धातू उत्तम विद्युत्-वाहकही असतात, हा वीडेमान व फ्रान्झ यांनी १८५३ मध्ये शोधलेला नियम ड्रूडच्या गणितातून आपोआप निघाला, आणि त्यातील स्थिरांकही प्रयोगाशी जुळला.

तो जुळला त्याचे कारण मात्र ड्रूडच्या गणितात झालेली दुपटीची चूक हे होते. लोरेंट्सने काही वर्षांतच तेच गणित अधिक काटेकोरपणे केले, तेव्हा उत्तर प्रयोगापासून दूर गेले. त्याहून मोठी अडचण उष्णताधारणेची होती. इलेक्ट्रॉन वायूसारखे मुक्त असतील, तर धातू तापविताना त्यांनीही आपल्या वाट्याची उष्णता घ्यावयास हवी; पण धातूंची विशिष्ट उष्णता ड्यूलाँ व पेटी यांनी १८१९ मध्ये सांगितलेल्या मूल्याच्या फारशी पलीकडे जात नव्हती. प्रवाह वाहताना हजर आणि उष्णता वाटून घेताना गैरहजर, असे हे इलेक्ट्रॉन होते.

आणखी एक कोडे त्याही आधीपासून पडून होते. बॉल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचा विद्यार्थी एडविन हॉल याला मॅक्सवेलच्या ग्रंथातील एक विधान पटले नाही: चुंबकीय बल प्रवाहावर नव्हे, तर तो वाहणाऱ्या पदार्थावर कार्य करते, असे ते विधान होते. १८७९ मध्ये सोन्याच्या पातळ वर्खावर प्रयोग करून चुंबकीय क्षेत्रात खुद्द प्रवाहच बाजूस ढकलला जातो, असे त्याने दाखविले. ढकलण्याच्या दिशेवरून वाहक कणांचा भार धन की ऋण, हे ठरविता येते. सोने व चांदी यांत तो ऋण ठरतो. पण १८८० मध्ये हॉलनेच लोखंड तपासले, तेव्हा दिशा उलटी निघाली. इलेक्ट्रॉन तर सर्वत्र ऋणच. ड्रूडच्या चित्रात या उलट्या चिन्हाला जागाच नव्हती.

उलगडा पुंजयामिकीने केला, तोही टप्प्याटप्प्याने. पाउलीने १९२५ मध्ये सांगितले की एका अवस्थेत एकापेक्षा अधिक इलेक्ट्रॉन राहू शकत नाहीत. १९२७-२८ मध्ये सॉमरफेल्डने हा नियम ड्रूडच्या वायूला लावला. तांब्यातील इलेक्ट्रॉनांना खालच्या अवस्था भरून वर वर चढावे लागते, आणि अगदी वरच्यांची ऊर्जा साधारण ऐंशी हजार अंश तपमानाशी तुल्य होते. खोलीचे तीनशे अंश तेथे नगण्य; वरचे मोजके इलेक्ट्रॉनच हालचाल करू शकतात. विशिष्ट उष्णतेचे कोडे सुटले आणि वीडेमान-फ्रान्झ स्थिरांकही या वेळी चुकीशिवाय जुळला.

पण इलेक्ट्रॉन अणूंच्या गर्दीतून वाट कशी काढतात? तांब्यातील लगतच्या अणूंमधील अंतर सुमारे अडीच अँगस्ट्रॉम, आणि इलेक्ट्रॉन आदळण्यापूर्वी चारशेच्या आसपास अँगस्ट्रॉम जातो, म्हणजे दीडशे अणू ओलांडतो. १९२८ मध्ये लाइपझिग येथे हायझेनबर्गचा शिष्य फेलिक्स ब्लॉख याने दाखविले की अणूंची रचना पूर्णतः नियमित असेल, तर इलेक्ट्रॉनाची तरंग तीतून न अडखळता पार होते. अडथळा अणूंचा नसतो; तो त्यांच्या कंपनांचा, भेसळीचा, रचनेतील अनियमाचा असतो. म्हणूनच तांबे तापविले की त्याचा रोध वाढतो, आणि निकेल व क्रोमियम यांच्या मिश्रधातूचा रोध तांब्याच्या साठपट असतो. याच विचाराच्या आधारे के. एस. कृष्णन् व ए. बी. भाटिया यांनी १९४५ मध्ये द्रवरूप धातूंच्या रोधाची उपपत्ती मांडली; झायमनच्या १९६१ च्या कार्यापर्यंत तिच्याकडे पुरेसे लक्ष गेले नाही, ही खेदाची गोष्ट होय.

ब्लॉखच्या सिद्धीने मात्र नवीच आपत्ती ओढवली. इलेक्ट्रॉन सर्वच स्फटिकांतून पार होत असतील, तर सर्वच स्फटिक धातू का नाहीत? प्रश्न उलटला: धातू विद्युत् का वाहतात, हे आता कोडे राहिले नव्हते, हिरा ती का वाहत नाही, हे कोडे होते. उत्तराचा पूर्वार्ध पायर्ल्सच्या १९२९ च्या निबंधात आहे. स्फटिकात इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जा सलग नसून त्यांचे पट्टे पडतात आणि पट्ट्यांमध्ये रिकाम्या फटी असतात. जवळजवळ भरलेल्या पट्ट्याच्या माथ्याजवळील मोकळ्या जागा धन कणांसारख्या वागतात, आणि हॉलचे उलटे चिन्ह त्यातून निघते. उत्तरार्ध केंब्रिजहून लाइपझिगला आलेल्या ए. एच. विल्सन या तरुण गणितज्ञाने १९३१ मध्ये दिला. पट्टा अर्धवट भरलेला असेल तर पदार्थ धातू. पूर्ण भरलेला असून वरचा पट्टा दूर असेल तर निरोधक. ब्लॉखला हे प्रथम मान्य झाले नाही. थोड्याच अवकाशात त्याला ते पटले.

भरगच्च पंगतीत एकही पान रिकामे नसेल, तर कोणालाही सरकून बसता येत नाही. शेवटी एखादे पान मोकळे असले, तर सारी रांग हलू शकते. ही उपमा अपुरी आहे, कारण भरलेल्या पट्ट्यातील इलेक्ट्रॉन स्वस्थ बसलेले नसतात. ते वेगाने फिरतच असतात. परंतु जितके एका दिशेला, तितकेच विरुद्ध दिशेला, आणि क्षेत्र लावूनही तो तोल बदलत नाही, कारण बदलण्यासाठी मोकळी अवस्था उरलेली नसते. तेव्हा निरोधकात कोणी कोणाला अडवीत नाही. धातूतील रोध हा मार्गातील अडखळण्यामुळे, आणि निरोधकाचे निश्चलत्व जागेच्या अभावामुळे; एकाच ‘रुध्’ धातूखाली दोन भिन्नजातीय कारणे वावरत आहेत.

इलेक्ट्रॉनांची नुसती संख्या मोजूनही भागत नाही. ॲल्युमिनियमचा अणू तीन इलेक्ट्रॉन देतो आणि चांदीचा एकच. तरीही चांदी सरस ठरते. मॅग्नेशियमचे दोन इलेक्ट्रॉन पट्टा नेमका भरतील एवढे असतात. पण तेथे वरचा पट्टा खालच्यावर चढलेला असल्यामुळे मॅग्नेशियम धातूच राहतो. हिरा आणि ग्रॅफाइट दोन्ही कार्बनच. हिऱ्यात साडेपाच इलेक्ट्रॉन-व्होल्टची फट आहे, आणि ग्रॅफाइटमध्ये पट्टे एकमेकांना भिडलेले आहेत. फट अरुंद असेल, सिलिकॉनमध्ये ती सुमारे १.१ इलेक्ट्रॉन-व्होल्ट आहे, तर उष्णतेने काही इलेक्ट्रॉन ती ओलांडतात. फॅरडेने १८३३ मध्ये सिल्व्हर सल्फाइड तापविल्यावर अधिक चांगले वाहते, असे नोंदविले होते. त्या विपरीत वर्तनाला अठ्ठ्याण्णव वर्षांनी जागा मिळाली. विल्सनच्याच वेळी शुद्ध सिलिकॉन हा धातू मानण्याकडे कल होता, हे आज वाचताना नवल वाटते.

विल्सनची विभागणीही निरपवाद ठरली नाही. १९३७ मध्ये डी बूर व फेरवे यांनी निकेल ऑक्साइड पुढे केले. त्यातील पट्टा अर्धवट भरलेला असल्याने ते धातू असावयास हवे. प्रत्यक्षात ते उत्तम निरोधक आहे. पायर्ल्स व मॉट यांनी त्याच वर्षी कारण सुचविले आणि मॉटने १९४९ पासून ते विस्ताराने मांडले: येथे इलेक्ट्रॉन परस्परांच्या प्रतिसारणामुळे जागीच खिळून राहतात, कारण शेजारच्या अणूवर जावे तर तेथे आधीच एक इलेक्ट्रॉन बसलेला असतो आणि तो दुसऱ्याला जवळ येऊ देत नाही. अशा पदार्थांना ‘मॉट निरोधक’ म्हणतात, आणि या एका वर्गापुरता तरी मराठी शब्द अक्षरशः खरा आहे.