पोलिसांच्या जोडीदारांसाठी सामाजिक उद्योग: कल्याणकारी योजनेपेक्षा वेगळं काय?

बंदोबस्त, रात्रपाळी आणि ऐन गणपती-दिवाळीत रद्द होणाऱ्या सुट्ट्या. पोलिसांच्या या वेळापत्रकावर घरातल्या जोडीदाराचं कामही अवलंबून असतं. मुलांची शाळा, घरातली आजारपणं हे सगळं बहुतेक वेळा पत्नीच सांभाळते. त्यामुळे ठरावीक वेळेची नोकरी टिकवणं अवघड जातं. अशा वेळी सामाजिक उद्योग हा एक पर्याय ठरू शकतो.

बदलीचा किती परिणाम होतो?

महाराष्ट्र पोलीस अधिनियमानुसार शिपाई-हवालदारांचा एका ठिकाणचा सर्वसाधारण कार्यकाळ ५ वर्षं असतो. उपनिरीक्षक ते निरीक्षक या अधिकाऱ्यांसाठी तो पोलीस ठाण्यात २, जिल्ह्यात ४ आणि परिक्षेत्रात ८ वर्षं आहे. म्हणजे अधिकाऱ्याच्या पत्नीने व्यवसायाची घडी बसवेपर्यंत सामान बांधायची वेळ येऊ शकते.

सामाजिक उद्योग म्हणजे काय?

एखादा सामाजिक प्रश्न सोडवण्यासाठी सुरू केलेला आणि देणगीऐवजी मुख्यतः विक्रीतून चालणारा व्यवसाय म्हणजे सामाजिक उद्योग. शिलाई मशीनचं वाटप ही कल्याणकारी योजना झाली. त्या मशीनवर शिवलेल्या गणवेशांना गिऱ्हाईक मिळालं, हिशेब शिवणाऱ्या महिलांनीच ठेवला आणि नफ्याचं काय करायचं हेही त्यांनीच ठरवलं, तर तो उद्योग.

भारतात ‘सामाजिक उद्योग’ असा नोंदणीचा वेगळा प्रकार नाही. बचत गट, सहकारी संस्था किंवा कंपनी कायद्याच्या कलम ८ खालची कंपनी असे पर्याय असतात. कलम ८ च्या कंपनीला सभासदांमध्ये नफा वाटता येत नाही. त्यामुळे स्वतःच्या कमाईसाठी एकत्र येणाऱ्यांना बचत गट किंवा सहकारी संस्था जास्त सोयीची पडते.

सुरुवात कशी होते?

बचत गटात साधारण १० ते २० सभासद असतात. अशा गटांना बँकेशी जोडण्याचा कार्यक्रम नाबार्डने १९९२ मध्ये सुरू केला. महाराष्ट्रात १९७५ पासून काम करणारं महिला आर्थिक विकास महामंडळ म्हणजेच ‘माविम’ही गटांना मदत करतं. मसाले, पापड, लोणची करणाऱ्या गटांसाठी २०२० च्या केंद्रीय सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत प्रति सभासद ४० हजार रुपयांपर्यंत बीजभांडवलाची तरतूद करण्यात आली.

घर सांभाळून काम कसं करायचं, याचं जुनं उदाहरण मुंबईतच आहे. १९५९ मध्ये गिरगावात ७ महिलांनी ८० रुपये उसने घेऊन ‘लिज्जत’ पापड सुरू केला. केंद्रातून मळलेलं पीठ न्यायचं, घरी लाटायचं आणि पापड परत आणून द्यायचे, ही त्यांची पद्धत. लाटणाऱ्या महिला तिथे मजूर नसतात, सहमालक असतात. वेळेचा भरवसा नसलेल्या पोलीस लाईनमधल्या घरांना अशी पद्धत मानवू शकते.

वर्दीचा दबाव कसा टाळायचा?

महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ नुसार कुटुंबातलं कोणी व्यापार-व्यवसाय करत असेल, तर कर्मचाऱ्याने ते शासनाला कळवणं आवश्यक आहे. पण प्रश्न फक्त कागदाचा नाही. ‘साहेबांच्या घरचा माल’ म्हणून दुकानदाराने फराळाचे डबे घेतले, तर ती विक्री नाही, दबाव आहे. साहेबांची बदली झाली की तो गिऱ्हाईकही जातो.

दुसरा धोका गटाच्या आतच असतो. अधिकाऱ्याची पत्नी कायमची अध्यक्ष आणि शिपायांच्या पत्नी फक्त काम करणाऱ्या, अशी रचना झाली तर खात्यातली उतरंडच गटात उतरते. त्यामुळे पदं निवडणुकीने भरणं आणि हिशेब सर्वांसमोर ठेवणं गरजेचं ठरतं.

सहभागी होण्याआधी काय विचारावं?

- माल पोलीस वसाहतीबाहेरचे लोकही विकत घेतात का?
- बँक खात्यावर सही कोणाची आहे?
- बदली झाल्यास सभासदाला तिची बचत आणि वाटा कधी, कसा मिळणार?
- हिशेब किंवा ऑनलाइन ऑर्डर सांभाळण्यासारखं काम दुसऱ्या गावातून करता येईल का?
- महिला पोलिसांच्या पतींना यात जागा आहे का?

यातला बदलीचा प्रश्न पहिल्याच बैठकीत लेखी सोडवलेला बरा. बदलीचा आदेश हातात पडल्यावर हिशेबासाठी फारसा वेळ उरत नाही.