कुलपाआधीची राखण

लग्नसराई आणि जत्रांचे दिवस आले की गावातल्या कितीतरी घरांना भरदिवसा कुलूप असतं. मग बचत गटाच्या बैठकीत विषय निघतोच. कुलूप कोणतं घ्यावं? कॅमेरा बसवावा का? ते ठरवण्याआधी आज आम्ही तुम्हाला जुन्या काळात नेणार आहोत. तेव्हा आपली गावं घरं कशी राखत होती, ते पाहू.

दोनशे वर्षांपूर्वीचं देशावरचं गाव डोळ्यांसमोर आणा. अनेक गावांना कूस असे, कुसाला वेस, आणि रात्री वेस बंद व्हायची. वाड्याला जाड दरवाजा, आतून अडसर, आणि त्या दरवाजातच वाकून शिरावं लागेल अशी छोटी दिंडी. धान्य पेवात, दागिने जमिनीत पुरलेले. पण गरिबाचं घर मातीचं. चोर दाराच्या वाटेला कशाला जाईल? भिंतीला भगदाड पाडून तो आत यायचा. घरफोडी हा शब्द तेव्हा अक्षरशः खरा होता. म्हणून घराची राखण भिंतीपेक्षा माणसांवर जास्त होती.

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली. पुढच्याच वर्षी माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन या इंग्रज अधिकाऱ्याने या मुलखाचा अहवाल लिहिला. त्यात गावच्या जागल्याचं काम नोंदवलेलं आहे. जागल्या कुठे रामोशी, कुठे भिल्ल, तर कुठे महार असे. रात्री गस्त घालायची, गावात कोण आलं, कोण गेलं हे ध्यानात ठेवायचं. चोरी झाली की पावलांचा माग काढायचा. माग दुसऱ्या गावच्या शिवेत गेला, की पुढचा शोध त्या गावच्या जागल्याकडे. चोर सापडलाच नाही, तर जागल्याने ऐपतीप्रमाणे नुकसान भरून द्यायचं आणि उरलेलं साऱ्या गावावर बसायचं. पूर्ण भरपाई क्वचितच वसूल व्हायची, पण रीत तशी होती. म्हणजे एका घरची चोरी ही गावाची चोरी होती.

मैत्रिणींनो, या रीतीची दुसरी बाजूही ऐका. जो महार वेसकर म्हणून गावाची वेस राखायचा, त्याचं स्वतःचं घर वेशीबाहेर होतं. मोबदला बलुत्याचा, आणि काम जन्माने गळ्यात पडलेलं. म्हणून ती व्यवस्था जशीच्या तशी परत यावी असं आम्ही म्हणणार नाही.

पुढे इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा केला. काही जमातींवर जन्मतःच गुन्हेगार असा शिक्का बसला. पोलिसांकडे नोंद, हजेरी, कुठे जायचं तर परवानगी. सोलापुरात तर अशा कुटुंबांना तारेच्या कुंपणाआड वसाहतीत ठेवलं होतं. स्वातंत्र्यानंतर ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला आणि या जमाती विमुक्त झाल्या. महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत आज रामोशीही आहेत. ज्यांनी पिढ्यान् पिढ्या गावं राखली, त्यांच्याचकडे लोक चोर म्हणून बघू लागले!

कायदा गेला, पण संशय गेला नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात भिक्षा मागत फिरणाऱ्या पाच जणांना मुलं पळवणारे समजून जमावाने ठार मारलं. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे होते. राखण आणि संशय यांत फरक केला नाही, तर काय होतं ते यातून दिसतं.

मग जुन्यातलं घ्यायचं काय? एकमेकींची जबाबदारी. गावाला जाताना शेजारणीला आणि गटातल्या दोघींना सांगून जायचं. त्यांनी संध्याकाळी अंगणातला दिवा लावायचा, दारावरून एक नजर टाकायची. दागिन्यांचे फोटो आणि वजनाच्या पावत्या जपून ठेवायच्या. जास्तीचं सोनं बँकेच्या लॉकरमध्ये. कुलूप तुटलेलं दिसलं तर आत शिरायचं नाही, कशाला हात लावायचा नाही, ११२ ला फोन करायचा आणि पोलीस पाटलांना कळवायचं. पूर्वी पावलांचा माग जपायचे, आता बोटांचे ठसे जपायचे, एवढाच फरक. आणि अनोळखी माणूस दिसला तर गर्दी जमवायची नाही. नाव-गाव विचारायचं, शंका वाटली तर पोलिसांनाच सांगायचं.

जागल्याचं काम पूर्वी एकाच्या माथी होतं. आता ते वाटून घेऊ या. येत्या बैठकीत बचतीचा हिशेब झाला, की कोण कधी बाहेरगावी जाणार आहे आणि तिच्या घरावर कोण लक्ष ठेवणार आहे, तेही वहीत लिहा. आणि ती वही मात्र गटाबाहेर कुणाला दाखवू नका.